चौदा नंबरची टाकी

इंजिन कापायला आलेल्या माणसाने माझ्या टाकीवर खडूने फुली मारली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पूस ती फुली!" मी ओरडलो.

"कागदावर चौदा नंबर आहे, म्हातारबा," असं म्हणून तो चहाला निघून गेला.

चौदा नंबर म्हणजे माझंच इंजिन. पाठीवर पाण्याची टाकी, टाकीवर नंबराची पितळी पाटी. सोळा वर्षं मी त्याच्यावर बसून हेदरली खाणीतले कोळशाचे डबे ओढतोय. लढाईच्या घाईत एकाच साच्यातून काढलेली ही इंजिनं. आमच्याकडे दोन, चौदा आणि अकरा. आता डिझेल येणार, म्हणून वाफेचं एकच ठेवायचं. अकराचा ड्रायव्हर ईस्टरला निवृत्त झाला, तेव्हापासून ते शेडमागे थंड पडलंय. आणि हे शहाणे माझं चालतं इंजिन तोडून ते ठेवणार! डोंबलाची अक्कल!

मी वर चढलो, माझ्या फळीवर बसलो आणि फावडं हातात घेतलं.

मॅनेजर वार्डलसाहेब धावत आले. "कथबर्ट, तमाशा नको. चौदाच्या खालच्या चौकटीला चीर गेलीय, तपासणीत सापडली. अकरा ठणठणीत आहे. तुम्ही ते घ्या."

"त्या खेचरावर मी बसू? साहेब, चढ आला की त्याला दम लागतो. आणि हिला तर मी श्वासावरून ओळखतो. डोळे बांधा, हजारांत ओळखीन!"

आमचा फिटर सेप हिंडमार्श खाली उभा राहून चिंधीने हात पुसत होता. एरवी त्याची जीभ टाळ्याला लागत नाही, पण आज मूग गिळून गप्प.

"सेप, सांग ना साहेबांना! कुठली चीर?"

"खाली ये, कथबर्ट," तो म्हणाला. "आणि ते फावडं वरच ठेवून ये."

रुळांमधल्या खड्ड्यात उतरून त्याने कंदील धरला आणि चौकटीवरचं वंगण खरवडलं. चीर कुठेच नव्हती. लोखंडात ठोकलेला नंबर मात्र स्पष्ट दिसला. अकरा.

"सात वर्षांपूर्वी खाणीच्या सुट्टीत दोन्ही टाक्या उतरवल्या होत्या," सेप म्हणाला. "चढवताना अदलाबदल झाली. सगळं एका मापाचं, भोकाला भोक बसलं, आम्ही बोल्ट आवळले. पाट्या बघितल्या तेव्हा सोमवार उजाडला होता. मग तुझी फळी आणि चहाच्या डब्याचा हुक काढून इकडे लावला. म्हटलं, बोंब मारेल तेव्हा सांगू."

"मग?"

"मग काय! तू आलास, बसलास, डबा टांगलास आणि म्हणालास, बघ सेप, सुट्टीनंतर कशी खुशीत आहे."

फावडं वर राहिलं ते बरंच झालं.

वार्डलसाहेब आधी हसले, मग कागद बघून पांढरे पडले. "तपासणीवाल्यांनी चौकटीवरचा नंबर लिहिलाय. म्हणजे चौदाची चौकट शेडमागच्याखाली, आणि चीरही तिलाच. आणि तेच मी तुम्हाला देत होतो!"

"म्हणून तर तोंड उघडलं," सेप माझ्याकडे न बघता म्हणाला. "जन्मभर शिव्या दे. पण तसल्या चौकटीवर तुला चढावर जाऊ देणार नाही."

माझ्या तोंडून शिवी निघेना. जिवात जीव आला होता. डोळे पाणावले, ते मी कोळशाच्या धुळीवर ढकललं. बाहीने फुली पुसून टाकली.

मग आठवलं आणि शेडमागे गेलो. पहिली नऊ वर्षं जिने मला सांभाळलं ती ही इथे उभी, आणि मी सात वर्षं तिला खेचर म्हणत होतो. तिच्या थंड लोखंडावर हात ठेवला. लाज वाटली मला, खरंच.

"सेप, पाना आण," मी म्हटलं. "पाट्या बदल. जाताना तरी तिच्या नंबराने जाऊ दे."

त्याने बदलल्या.

सोमवारी मी अकरा नंबरवर बसून चढ चढलो. परत आलो तर शेडच्या दारात सेप उभा.

"काय रे, खेचर कसं आहे?"

"खुशीत आहे," मी म्हटलं आणि डबा हुकाला टांगला.