तिसरी तार आणि दोन खड्डे

मित्रांनो, माझ्या पोटात नुसती हवा असते, त्यामुळे मी बोलताना थोडी फुशारकी मारली तर रागावू नका. मी हवा दाबून भरणारा एक जुना कॉम्प्रेसर आहे. दोन चाकांवर आडवी लोखंडी टाकी, टाकीवर मोटार, आणि ओढून न्यायला पुढे एक मूठ, असा माझा अवतार. एकेकाळी माझा रंग लालभडक होता. आता कुठे रंग संपतो आणि कुठे गंज सुरू होतो, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. १९६९ साली दिवाळीनंतर मालगाडीने मी नागपूरला आलो आणि इतवारीतून हातगाडीवर निघालो. भांडीवाले, कापडवाले, हमाल यांच्या गर्दीतून गाडी हेलकावे खात चालली होती. माझे नवे मालक बाबनराव शेजारून चालत होते. सबंध रस्ताभर त्यांचा हात माझ्या मुठीवर होता. तो हात मला फार आवडला.

बाबनराव विणकराच्या घरातले. त्यांचे वडील नत्थूजी उमरेडहून नागपुरात आले, ते हातमाग घेऊनच. पण पुढे मागावर पोट भरेना. बाबनरावांनी रंगकाम शिकून घेतले आणि लग्नात देतात त्या पत्र्याच्या पेट्या रंगवायचा धंदा काढला. मी हवा द्यायची आणि त्यांनी पिचकारीतून रंग उडवायचा, अशी आमची जोडी जमली.

मला ठेवले ते मागाच्याच खोलीत. माग सोडून त्याची लाकडे वर आढ्याला बांधली होती. जमिनीत मात्र मागाचा खड्डा तसाच होता. विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. नत्थूजींनी तो बुजवू दिला नव्हता. खड्ड्याच्या काठाशी त्यांची बाज असे, आणि तिथून ते दिवसभर माझ्याकडे रागाने बघत.

"हे डबडं मागापेक्षा चांगलं म्हणता?" असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. मी तेव्हा जास्तच जोरात आवाज करी. खोटे कशाला सांगू, मीही काही कमी नव्हतो.

मला वीज जोडायला देवराव वायरमन आले. माझ्या विजेच्या दोरीत तीन तारा होत्या: लाल, काळी आणि हिरवी. घरात मात्र प्लग लावायला दोनच भोकांचे बोर्ड होते. बाबनराव म्हणाले, "देवरावजी, दोन तारांवर मशीन चालते ना? मंग तिसरीचा खर्च काहून?"

देवरावांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "दोन तारा मशीन चालवतात गा. तिसरी माणसाले जगवते. मशीनच्या अंगात कधी वीज उतरली, तर ती तुह्या हातातून जाईल नाहीतर या हिरव्या तारेतून जमिनीत जाईल. तूच सांग, कुठून जाऊ देऊ?"

बाबनरावांनी तिसऱ्या तारेचे पैसे काढून दिले. देवरावांनी तीन भोकांचे बोर्ड आणि शेजारी बटन बसवले. मग घराबाहेर, भिंतीला लागून पुरुषभर खोल खणले. त्यात लोखंडी नळ उभा केला, भोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, असे भरत आणले, आणि हिरवी तार त्या नळाला घट्ट आवळली. पलीकडच्या जनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "एवढं मीठ! लोणचं घालून राहिले का गा?" त्या म्हणाल्या, आणि सारी गल्ली हसली.

जाताना देवरावांनी घरच्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक नत्थूजींना: "कोणी मशीनले चिकटला तर त्याले हात लावू नका. बटन बंद करा, नाहीतर वाळलेल्या लाकडानं दूर करा." दुसरी बाबनरावांच्या बायकोला, मैनाबाईंना: "वहिनी, उन्हाळ्यात खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी टाकत जा. खड्डा सुकला का समजा अर्थिंग गेलं."

मैनाबाईंनी मान डोलावली. आणि मित्रांनो, इथेच सगळे चुकले. पण ते कोणालाच कळले नाही.

हिवाळा मजेत गेला. मी जे काम करी ते सगळ्यांना दिसे, ऐकू येई. हिरवी तार मात्र काहीच करत नसे. लाल आणि काळी राबत होत्या आणि ही बाई नुसती सोबत मिरवत होती. मी मनात तिला आळशी ठरवून टाकले होते. माझी अक्कल तेवढीच होती.

मग नागपूरचा मे महिना आला. अंगणातली माती भेगाळली. लग्नसराई जोरात होती, पेट्यांची रांग दारापर्यंत लागलेली. नळाला पाणी जेमतेम येई, तरी मैनाबाई रोज सकाळी दोन बादल्या बाजूला काढून ठेवत आणि खड्ड्यात ओतत. मागाच्या खड्ड्यात! सासरी आल्यापासून त्या उन्हाळाभर तेच करत आल्या होत्या. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून विणकराची बायको मागाचा खड्डा ओला ठेवते. त्या घरात खड्डा म्हटले की एकच खड्डा. मीठ-कोळशाच्या त्या खोदकामाला तर सगळे जनाबाईंचे ऐकून लोणचेच म्हणत.

नत्थूजी बाजेवरून हे बघत. एकदा ते जनाबाईंना म्हणाले, "सून माही गुणाची आहे. माग नाही राहिला, तरी खड्डा सुकू देऊन नाही राहिली." त्यांचा आवाज एवढा मऊ मी पहिल्यांदाच ऐकला.

इकडे माझ्या मोटारीच्या पेटीत, थरथरून थरथरून एका तारेचे वेष्टण झिजले होते. एका दुपारी ती उघडी तार माझ्या अंगाला टेकली. माझे सारे अंग विजेने भरले. वीज हिरव्या तारेतून धावली खरी, पण बाहेरचा खड्डा ठणठणीत कोरडा. जमिनीने तिला घेतलेच नाही. बाबनराव घाईघाईने आत आले, पाय अनवाणी, आणि खड्ड्यातल्या पाण्याने खोलीची जमीन ओलसर. मला जरा बाजूला ओढावे म्हणून त्यांनी मूठ धरली.

ज्या हाताने मला इतवारीतून घरी आणले, तोच हात माझ्या मुठीवर आवळला गेला आणि सुटेना. जबडा घट्ट मिटला. त्यांना ओरडताही येईना. वीज माझ्यातून त्यांच्यात जात होती आणि मला ती थांबवता येत नव्हती. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

मैनाबाई किंचाळून धावल्या. "हात लावू नको वं!" नत्थूजी बाजेवरून उठत ओरडले. "बटन! बटन पाड!" त्यांनी आढ्याला बांधलेला मागाचा एक वाळका दांडा हिसकून ओढला आणि लेकाच्या मनगटावर सारा जोर लावून हाणला. हात सुटला. बाबनराव जमिनीवर कोसळले. तेवढ्यात मैनाबाईंनी बटन पाडले आणि मी गप्प झालो.

बाबनराव वाचले. तळहात भाजला होता आणि दोन आठवडे बोटांना मुंग्या येत होत्या, पण ते वाचले. आल्या दिवसापासून मी ज्याच्याशी स्पर्धा केली, त्या मागाच्या लाकडाने त्यांना वाचवले. त्या दिवशी माझी फुशारकी कुठच्या कुठे पळाली.

संध्याकाळी देवराव आले. बाहेरच्या खड्ड्यातला लोखंडी नळ त्यांनी बघितला, माती चिमटीत धरून चोळली. ती पिठासारखी उडाली.

"वहिनी, पाणी टाकायचं सांगतलं होतं ना मी?"

"रोज टाकलं जी! दोन बादल्या. एक दिवस नाही चुकवला."

"कुठी टाकलं?"

"खड्ड्यात." आणि मैनाबाईंनी खोलीतल्या खड्ड्याकडे बोट दाखवले.

मैनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले. "मीच मारत होती जी त्यायले," त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी, माही चूक आहे," देवराव म्हणाले. "विणकराच्या घरात येऊन मी नुसतं खड्डा म्हणालो. हात धरून दाखवायले पाहिजे होतं."

मी नत्थूजींकडे बघत होतो. ते पाणी मागासाठी नव्हते, त्या डबड्यासाठी होते, हे त्यांना आत्ताच कळले होते. मला वाटले, आता म्हातारा संतापणार आणि मला रस्त्यावर फेकायला लावणार. तसे केले असते तरी मी तक्रार केली नसती.

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मातीची टोपली उचलली आणि मागाचा खड्डा स्वतः बुजवायला घेतला. बाबनराव म्हणाले, "बा, राहू द्या. तुमचा खड्डा आहे तो."

"एका घरात दोन खड्डे राहिले म्हणून गोंधळ झाला," नत्थूजी म्हणाले. "एकच ठेवू. जो माणसाले सांभाळते तो." शेवटची टोपली टाकून झाल्यावर ते बराच वेळ त्या मातीवर तळवा ठेवून बसले. मग उठले, बादली भरली आणि बाहेरच्या खड्ड्यात ओतून आले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते काम त्यांचेच. देवरावांनी माझी तार बदलली आणि बोर्डावरच्या फ्यूजमध्ये जाड तार घालू नका म्हणून दम दिला. बाबनराव चपला घातल्याशिवाय माझ्याजवळ येईनात. आणि नत्थूजी रोज संध्याकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्याने मला पुसू लागले. डबडे म्हणत, पण पुसत.

सहा-सात वर्षांनी माझ्या अंगात पुन्हा एकदा वीज उतरली. नत्थूजींचा हात तेव्हा माझ्या टाकीवरच होता. भीतीने मी गोठलो. पण या वेळी खड्डा सकाळीच पाणी प्यायला होता. वीज हिरव्या तारेतून सरळ जमिनीत गेली, फट्कन आवाज होऊन फ्यूज उडाला आणि मी बंद पडलो.

"काय झालं गा?" नत्थूजींनी विचारले.

बाबनरावांनी फ्यूज बघितला, आणि वडिलांचा हात उलटासुलटा करून बघितला. "काही नाही झालं, बा," ते म्हणाले. "काहीच नाही झालं."

ज्या हिरव्या तारेला मी आळशी म्हटले, तिने सात वर्षे याच एका क्षणाची वाट बघितली होती. तिचे आभार कसे मानू, ते मला अजून सुचलेले नाही.

पुढे नत्थूजींचे गुडघे गेले. बादली पुन्हा मैनाबाईंच्या हाती आली. ते बाजेवरून रोज विचारत, "टाकलं का वं?" आणि सासऱ्यांना मामाजी म्हणणाऱ्या त्या सांगत, "टाकलं, मामाजी."

आता १९८५ साल आहे. माझी टाकी थकली, म्हणून मी कोपऱ्यात उभा आहे आणि माझ्या जागी नवा कॉम्प्रेसर आला आहे. त्याला माझीच हिरवी तार, माझाच खड्डा मिळाला. तो बराच फुशारकी मारतो. मारू दे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या प्लगचा तिसरा पाय कोणी मोडला असेल, हिरवी तार कोणी दुमडून ठेवली असेल, तर मोठ्यांना आजच सांगा. आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकायला सांगाल, तेव्हा नुसते सांगू नका. हात धरून खड्डा दाखवा.

नत्थूजी गेल्या हिवाळ्यात गेले. आज मे महिन्याचा पहिला दिवस. मैनाबाई सकाळीच बादली घेऊन बाहेर गेल्या. पाणी खड्ड्यात झिरपताना मी ऐकले. मग त्या आत आल्या, पदराला हात पुसले, रिकाम्या बाजेपाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "टाकलं, मामाजी."