मेस्वेज म्हणजे घर

या, जरा पुढे सरकून बसा. लांबून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. एका भावाची सांगतो, ज्याच्या जिभेवर देवानं अर्थ ठेवला होता आणि त्यानं तो एकदा अर्धाच दिला.

हा भाऊ एका वकिलांच्या कचेरीत दुभाषी होता. तिथले कागद अजून जुन्या इंग्रजीत निघत. राजे गेले, त्यांच्या बग्ग्या गेल्या, भाषा तेवढी मागे राहिली. ती कानावर पडली की साध्या माणसाला घाम फुटायचा. दुभाष्यानं सही करणाऱ्यापुढे बसायचं, शब्दन्‌शब्द उलगडायचा, मग अर्थ त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा आणि तळाशी लिहायचं, 'समजावून सांगितले'. हा ते इतकं रंगून करायचा की शेजारच्या टायपिस्टबाई बोटं थांबवून ऐकत. 'विटनेसेथ' म्हणजे, तो सांगे, हा कागद स्वतः उभा राहून साक्ष देतोय असं समजा. आता याच्यासमोर खोटं चालायचं नाही. 'मेस्वेज' तर त्याचा लाडका. घर, पण नुसतं घर नव्हे हो! अंगण, परसातली खोली, विहीर, घराचं बोट धरून उभं असलेलं सगळं त्यात आलं. घर आणि घराची लेकरं, असं म्हणून तो हसायचा.

त्याची थोरली बहीण परसातल्या खोलीत राहायची. नवरा गेल्यावर माघारी आली ती तिथेच राहिली. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून स्वतःचं भागवायची. घर वडिलांनी दोघांच्या नावे ठेवलेलं. भावाला मात्र ती खोली पाडून लेकीसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. तो ताईला म्हणाला, घरावरचा हक्क माझ्या नावे करून दे, म्हणजे कागद सुटसुटीत होतील. ती म्हणाली, दिला. मला काय तुझ्या दिवाणखान्यात नाचायचंय? माझी खोली मला पुरे.

खोलीचं ती बोलली आणि हा गप्प राहिला. पाप असंच येतं बघा, कडी न वाजवता.

कचेरीत ताई समोर बसली. तो भराभर वाचत सुटला. मध्येच तिनं अडवलं.

"हे मेस्वेज काय रे?"

टायपिस्टबाईंची बोटं सवयीनं थांबली.

"मेस्वेज म्हणजे घर."

"मग घरच म्हणावं की. साधं बोललं तर वकिलांचं पोट दुखतं का?" असं म्हणत तिनं सही ठोकली. वदवून घ्यायचं त्यानं टाळलं. 'समजावून सांगितले' हे शब्द वाकडे उमटले. टायपिस्टबाईंनी वर बघितलं, मग मान खाली घालून यंत्रात नवा कागद चढवला.

त्यानंतर तो ताटावरून अर्ध्यात उठू लागला. प्रार्थनेला बसला तरी डोळे मिटायची भीती वाटे. आणि ताई? तिनं खोलीला रंग द्यायला काढला. गल्लीतल्या बायकांना सांगत सुटली, कागद असेल तर माझ्या भावाकडे न्या, एक शब्द गाळायचा नाही तो.

गवंडी माप घ्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तो तिच्या खोलीत गेला. ओल्या रंगाचा वास भरला होता. ती एका शर्टावर पाणी शिंपडत होती, शर्ट त्याचाच. तो दारातूनच म्हणाला, ताई, मेस्वेजचा अर्थ सांगायचा राहिलाय. आणि सांगितला. घर, अंगण, विहीर, ही खोली.

तिनं इस्त्री उभी ठेवली.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि त्या बाईंना?"

"त्यांनाही."

"म्हणजे तिथे न कळणारी मी एकटीच. आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून सही केली."

एवढंच. मग तिनं राहिलेली बाही इस्त्री करून टाकली. ओलं कापड तसंच सोडलं तर चुण्या पडतात ना.

दुसऱ्या दिवशी त्यानं गवंड्याला परत पाठवलं आणि वकिलांपुढे सगळं कबूल केलं. जुना कागद रद्द झाला, खोली ताईच्या एकटीच्या नावे झाली. त्याचं अर्थ सांगायचं काम गेलं. आता तो कपाटात फायली लावतो. नव्या कागदाचा अर्थ टायपिस्टबाईंनी सांगितला. त्यांनाही त्यांचं मौन खात होतं. त्यांनी एकेका शब्दाला इतका वेळ लावला की ताईच म्हणाली, बाई, पुरे, आता मी वकील होईन.

ताईनं अबोला धरला नाही. चहा देते, भाचीचे लाड करते, त्याचे शर्टही कडक करते. पण साधं विजेचं बिल आलं तरी ते घेऊन त्याच्या दारावरून पुढे जाते, थेट टायपिस्टबाईंच्या घरी. तो खिडकीतून बघतो. देवाकडे तो रोज क्षमा मागतो, आणि देव दयाळू आहे, देतही असेल. ताईचा कागद मात्र त्याच्याकडे परत आलेला नाही.

मंडळी, देवाचं स्मरण तर कराच. पण उद्या कुणी तुमच्या तोंडाकडे बघून 'बरं' म्हणालं, तर पुढचा शब्द काढण्याआधी त्या इस्त्रीवाल्या ताईची आठवण ठेवा.