दोन कुलपांचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कपाट आहे. माझं दार मधूनच करकरतं, तिकडे लक्ष देऊ नका. मला स्वस्थ बसताच येत नाही. पोटात काडतुसं ठेवली तर तुम्हाला तरी बसवेल का?

शिकारीच्या बंदुकीची काडतुसं विकणाऱ्या या दुकानासाठी मला सुतारकाकांनी घडवलं. त्यांनी कुलपाचं विचारलं, तर मालक हसले. "कुलूप कशाला? सगळी गिऱ्हाइकं ओळखीचीच!" तेव्हा नुसतं नाव सांगितलं की काडतुसांचा डबा मिळायचा. साबण, सुतळी आणि काडतुसं एकाच पिशवीतून जायची. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पुढे वही आली, सही आली. मग परवाना पाहिल्याशिवाय डबा द्यायचा नाही, असा नियम निघाला. मालक कुरकुरत का होईना, कागद बघायचे. घरच्यांचे मात्र कधी बघितले नाहीत.

एका दुपारी त्यांचा धाकटा भाऊ तणतणत आला. "दादा, एक डबा दे." मालकांनी मान वर न करता दिला. भावाचा परवाना संपला होता आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण पेटलं होतं. संध्याकाळी गोळी सुटली. शेजारी कोण? माझेच सुतारकाका! जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. ज्या हाताने मला रंधा मारला, तोच हात. आणि डबा माझ्यातला. मी काय करणार होतो, सांगा!

महिन्याभराने काका हात गळ्यात अडकवून आले. दुसऱ्या कारागिराकडून त्यांनी मला दोन कुलपं बसवून घेतली. "तेव्हाच बसवायला हवी होती," एवढंच बोलले. मालक ढसाढसा रडले. एक किल्ली त्यांच्याकडे राहिली, दुसरी त्यांच्या मुलीकडे, म्हणजे ताईकडे.

नियम वाढतच गेले. वर्षाला ठरावीकच काडतुसं. नवी हवीत तर जुन्यांच्या रिकाम्या नळ्या परत आणा. आता तर यंत्रावर अंगठाही टेकवावा लागतो. गिऱ्हाइकं वैतागतात. मला मात्र तेवढाच जिवाला आधार वाटतो.

आता दुकान ताईच बघते. गेल्या आठवड्यात मालक स्वतःच गिऱ्हाइकासारखे तिच्यासमोर उभे राहिले. हल्ली त्यांना विसरायला होतं, हात थरथरतात. "अगं, बागेत डुकरं शिरलीत. एक डबा दे."

"बाबा, परवाना?"

"परवाना? मी तुझा बाप आहे!"

"म्हणूनच विचारतेय, बाबा. तुमच्याकडेही 'दादा' म्हणतच कुणीतरी आलं होतं."

मालक संतापले. तरातरा आत आले, आपली किल्ली घातली, फिरवली. एक कुलूप उघडलं! त्यांनी माझी मूठ धरून जोरात ओढली. माझं दार करकरलं. पण दुसरं कुलूप हललं नाही. ताईही हलली नाही.

त्यांची बोटं काकांनी बसवून घेतलेल्या त्या दुसऱ्या कुलपावर येऊन थांबली. मग त्यांनी कुलूप परत लावलं आणि किल्ली ताईच्या हातावर ठेवली. "दोन्ही स्वतःकडे ठेवू नकोस. ही अशा कुणाला तरी दे, जो तुलाही नाही म्हणेल."

ताईने ती दुकानातच कामाला असलेल्या सुतारकाकांच्या मुलीला दिली.

मित्रांनो, मला पुसलं नाही, रंग दिला नाही, तरी चालेल. पण समोरचा कितीही आपला असो, दोन्ही कुलपं लागल्याशिवाय माझ्याकडे पाठ फिरवू नका.