हे बरं, की आधीचं?

चष्मेवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते साडूच्या फोटोमुळे. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नव्हता.

साडू गवंडी. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. वर्षापूर्वी मेहुणीनंच गळ घातली होती, की भाऊजी, यांना तुमच्या फोटो मंडळात न्या, सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरातल्या भिंती ठोकत बसतात. चष्मेवाल्यानं नेलं. आपला जुना कॅमेरा दिला, ट्रायपॉड दिला, दिवे लागल्यावर इमारतींचे फोटो कसे काढायचे, शटर किती सेकंद उघडं ठेवायचं, सगळं शिकवलं. शिकवताना माणसाला आपण फार मोठे वाटतो. शिकणारा मागे असतो तोवरच.

मंडळात एक पद्धत होती. दरवर्षी एक फोटो निवडला जाई, त्या निवडीआधी आठवडाभर प्रत्येकानं आपला फोटो एका जोडीदाराला दाखवायचा. जोडीदारानं चांगलं ते सांगायचं, मग खटकलं तेही तोंडावर सांगायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरत. यंदा निवडलेला फोटो नव्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लागणार होता, दरवाजाएवढा मोठा. चष्मेवाला अकरा वर्षं मंडळात होता, एकदाही निवडला गेला नव्हता. त्याला चिठ्ठी निघाली साडूचीच.

दुपारी गवंडी दुकानात आला. हात पँटला पुसले आणि काउंटरवर फोटो ठेवला. दवाखान्याचा जिना, बाहेरून काढलेला. काचेमागे सात मजल्यांचे दिवे एकावर एक, आणि चौथ्या मजल्यावरचा बल्ब गेलेला. उजेड तिसऱ्यापर्यंत चढत येतो, नाहीसा होतो आणि पाचव्यावर पुन्हा निघतो. जिना चढणारं कुणीतरी मधे दम खायला थांबलंय असं वाटावं. एक रेघ वाकडी नाही.

चष्मेवाल्यानं भिंग लावलं. कडा बघितल्या, कोपरे बघितले. खोट सापडेना. आपल्याला अकरा वर्षांत जे जमलं नाही ते या विटा रचणाऱ्याला वर्षात जमलं, आणि तेही आपल्याच कॅमेऱ्यातून. हे शेवटचं सगळ्यात जास्त झोंबलं.

"बाकी झकास आहे," तो म्हणाला, "पण तो चौथा मजला. समोरचा दात पडल्यासारखा दिसतोय. दिवा लागला की पुन्हा काढा."

तो अंधारच फोटोचा जीव होता. बोलताना त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

गवंड्यानं कानावरची पेन्सिल काढून फोटोच्या मागं लिहून घेतलं, चौथा मजला, दिवा. मग तो चष्मेवाल्याच्या फोटोकडे वळला. कोर्टाची जुनी इमारत, दिवेलागणीची, पट्टीनं आखल्यासारखी. गवंड्यानं खिशातून ओळंबा काढला आणि त्याची दोरी फोटोवर धरली. दोरी आणि भिंत तंतोतंत जुळली.

"साडूभाऊ, रागावू नका. तुमची रेघ सरळ आहे, पण ती भिंत सरळ नाही. तिचा गिलावा मी केलाय, चांगली चार बोटं झुकलीय. कॉम्प्युटरवर सरळ केलीत ना? झुकलीय म्हणून तर बघावीशी वाटते हो ती."

ती सरळ करायला चष्मेवाल्यानं दोन दिवस घालवले होते. बघू, एवढंच तो म्हणाला. हा आता मला शिकवणार, असं घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिला. घरी गेला, दार लावून घेतलं आणि गुपचूप भिंत होती तशी झुकवून टाकली.

गवंड्यानंही सांगितलेलं ऐकलं. तीन दिवस दवाखान्याच्या वॉचमनच्या मागं लागला, शेवटी स्वतः स्टुलावर चढून बल्ब लावला आणि फोटो पुन्हा काढला. सातही मजले लख्ख.

निवडीच्या दिवशी तो लख्ख फोटो हातोहात पुढं सरकला, कुणाकडेच थांबला नाही. कोर्टाच्या फोटोपाशी मात्र मंडळाचे अध्यक्ष रेंगाळले. म्हणाले, पहिल्यांदाच तुमच्या इमारतीला वजन आलंय. निवडला. कुणाच्या सांगण्यावरून भिंत झुकवली ते चष्मेवाल्यानं सांगितलं नाही. गवंड्यानंही नाही. तो टाळ्या वाजवत होता, सगळ्यात जोरात. त्या टाळ्यांनी चष्मेवाल्याचं पोट आणखीनच दुखलं. जिंकून दुखत होतं, म्हणजे बघा.

पंधरा दिवसांनी गवंडी पुन्हा दुकानात आला. जवळचं अंधुक दिसत होतं. चष्मेवाल्यानं त्याला खुर्चीवर बसवलं, नंबर तपासायची जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच घालून विचारू लागला, दिवसातून शंभरदा विचारायचा तेच.

"हे बरं, की आधीचं?"

गवंडी दिसेल ते खरं सांगत होता. मधेच हसला, त्याच अवतारात पिशवीतून दोन फोटो काढले आणि समोर धरले. एकात चौथा मजला काळा, एकात लख्ख.

"आता माझी पाळी. हे बरं, की आधीचं?"

आता खरं सांगायला काहीच अडचण नव्हती. वाचनालयाची भिंत मिळाली होती, निवड संपली होती.

"हेच," चष्मेवाला म्हणाला आणि लख्ख फोटोवर बोट ठेवलं.

"मग डोळे माझेच बिघडलेत. मला अजून आधीचाच बरा वाटत होता." गवंड्यानं लख्ख फोटो पिशवीत ठेवला. "बरं झालं विचारलं. यापुढं सगळे दिवे लागल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

आधीच्या फोटोचे त्यानं चार तुकडे केले आणि खुर्चीशेजारच्या टोपलीत टाकले.

चष्मेवाल्याचं पोट त्या क्षणी दुखायचं थांबलं. साफ थांबलं. त्यानं पुढची काच उचलली, रुमालानं पुसली आणि साडूच्या डोळ्यापुढं सरकवली.

"हे बरं, की आधीचं?"