पुंजाराम डॉट भारत

माझ्या आईनं, इंदूबाईनं, उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. कोणी विचारलंच तर माझ्याकडे बोट दाखवायची, प्रियदर्शनीनं सांगावं. बाबा हसायचे. "एकदा नावानं बलाव ना वं. जेथं असीन तेथून ओ देईन."

आता बाबा नाहीत. बाळापूरजवळचा झेंडूचा मळा आहे आणि त्यांनी हौसेनं स्वतःच्या नावानं करून घेतलेली फुलांची वेबसाइट आहे. ती उघडली की त्यांचा एक व्हिडिओ आपोआप सुरू होतो. त्यांचा आवाज तेवढ्यातच उरलाय. उद्या मी अमरावतीला परत जाणार, मग आईला तो एकटीनं कसा ऐकता येईल? तिला लिहिता येत नाही. मोबाइलवर त्या पानाची खूण ठेवून दिली, की फुलांच्या ओल्या हातानं ती कधी पुसली जाते, आईलाही कळत नाही.

"माइक दाब अन् बोल, पुंजाराम डॉट भारत," मी तिला शिकवलं.

"काहून? त्या जागेले फोनसारखा नंबर नाही का?"

"हाये. पन एवढा लांब नंबर कोनाच्या ध्यानात राह्यते? म्हनून नाव. मोबाइल पयले इचारते, भारतवाले कोन? ते सांगतात, पुंजारामचा पत्ता अमक्याले मालूम. तो नंबर देते. मंग आपन दारात."

"स्टँडवरून पाव्हने इचारत इचारत येतात, तसं," आई म्हणाली. "अन् नाव नाही घेतलं तं?"

"तं मोबाइल इचारन काय?"

मी कडुलिंबाखालच्या खाटेवर आडवी झाले. दुपार पेंगत होती. झेंडूचा पिवळा उजेड मिटल्या पापण्यांतून आत येत होता, आणि झोपेच्या काठावर आईचा आवाज.

"प्रियदर्शनीचे बाबा."

मोबाइलनं भलतंच काही दाखवलं असावं. आई त्याच्यावर करवादली. "अरे, आमचे हे! झेंडूवाले!"

मला हसू आलं, रडूही आलं. उठले असते तर तिनं मोबाइल माझ्याच हातात दिला असता. मी डोळे मिटूनच राहिले.

मग किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर आईनं डोक्यावर पदर घेतला होता.

"पुंजाराम," ती म्हणाली. नव्या नवरीसारखी लाजून. थांबली. "डॉट भारत."

मोबाइलवरची चकरी फिरत राहिली. मोबाइल कुठंकुठं विचारत निघाला असेल. आणि व्हिडिओतल्या झेंडूंमधून बाबा बोलले, "ओ! बोला, कोन्ते फुलं पायजे?"

"फुलं नाही जी," आई म्हणाली. "तुमीच पायजे होते."