चौथं बोट

आत्या चहाचं आधण ठेवते न ठेवते, तोच बाहेरच्या खोलीत पियानो सुरू व्हायचा. सा रे ग म प, प म ग रे सा. मग एक पट्टी सरकून पुन्हा तेच. आणखी एक पट्टी सरकून पुन्हा तेच. चहा उकळायचा, गाळला जायचा, पिऊन व्हायचा, कप विसळून पालथा पडायचा, तरी बाहेर आपलं चालूच. जिना चढून वर गेलेल्या माणसाला दर वेळी किल्ली विसरल्याचं आठवावं आणि त्याने पुन्हा खाली यावं, तसा हा प्रकार आत्याला वाटे.

"गाणं कधी सुरू होणार गं?" तिने एकदा न राहवून विचारलं.

"हे गाण्याच्या आधीचं आहे आत्या. बोटं मोकळी करायची."

"आणि गाणं?"

"बोटं मोकळी झाली की."

"म्हणजे माझ्या हयातीत ऐकायला मिळेल ना?"

भाची हसली आणि पुन्हा सा रे ग म प. हिला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी टेकलेली कुणी पाहिली नव्हती, घास भरवायचा तर मागे धावावं लागे. तीच पोरगी आता स्टुलावर अशी बसायची की तिला हलवायला क्रेन मागवावी.

भिंगरी नृत्यशाळेत पियानो वाजवायची. मुली भिंतीजवळच्या दांड्याला धरून पाय उचलत, वाकत, उड्या मारत, आणि कोपऱ्यातल्या पियानोवरून ही त्यांना सूर आणि ठेका पुरवी. पण एके दिवशी गाडीच्या दारात तिचा डावा हात सापडला आणि करंगळीशेजारच्या बोटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोट लाकडी चमच्यासारखं ताठ झालं होतं. "वाकेल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "पियानोचं मात्र मी सांगू शकत नाही." तोवर शाळेने तिच्या जागी एक बदली वादक ठेवला होता. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला, की सुट्टी संपली की दोघांनाही ऐकेन आणि एकालाच कायम ठेवेन.

त्याच सुमारास आत्याच्या दादाचा, म्हणजे भिंगरीच्या वडिलांचा, फोन आला. "तुझ्याकडे राहतेय, तर तूच समजव तिला. माझ्या टाइल्सच्या दुकानात काउंटरला माणूस हवंच आहे. मोडक्या बोटावर किती आशा लावून बसणार?"

"बघते," आत्या म्हणाली. आत्याचं 'बघते' म्हणजे काम झालंच समजा, अशी तिची सगळ्या नात्यात ख्याती होती. आणि मनातून तिला दादाचं पटलंही होतं. तिने आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला होता. बोटांवर पोट असलेली माणसं तिने ढिगाने पाहिली होती, आणि कॉम्प्युटर आल्यावर त्यांची पोटं कशी हवालदिल झाली तेही पाहिलं होतं.

बोलायचं म्हणून ती रोज सकाळी मनाची तयारी करी आणि रोज काहीतरी आडवं येई. खरं तर आडवे येत ते तिचे कान. क्लासमध्ये ती तीस मशिनांकडे पाठ करून उभी राही, आणि त्या खडखडाटातून कुणाचं कुठलं बोट आळस करतंय ते तिला कळे. वळून कागद पाहिला की तिथे करंगळीशेजारच्या बोटाचा 'एस' हमखास फिका उठलेला असायचा. ही सवय काही क्लासबरोबर बंद झाली नाही. एका सकाळी बटाटे सोलता सोलता तिच्या तोंडून निघून गेलं, "डाव्या हाताची अनामिका चोरी करतेय!"

बाहेरचा पियानो गप्प झाला. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुला इथून कळलं?"

"न कळायला काय झालं? चार सूर भरलेले येतायत, एक पोकळ. उतरताना तिसऱ्यानंतरचा."

"आम्ही त्याला चौथं बोट म्हणतो. अंगठा पहिला."

"म्हणा काहीही. आपल्या लोकांनी त्याला अनामिका म्हटलंय. अंगठ्याला नाव, करंगळीला नाव, आणि ह्या बिचारीला बिननावाची म्हणून मोकळे झाले. तिने काम तरी कुणाच्या नावावर करावं?"

भिंगरी इतकी हसली, की हसता हसता तिचे डोळे भरून आले. प्लास्टर निघाल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसत होती. टाइल्सचा विषय त्या दिवशी काढणं आत्याला शक्य झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्या बटाटे घेऊन बाहेरच्याच खोलीत बसू लागली. आणि बसली म्हटल्यावर गप्प कशी बसेल! तिने चमचा घेऊन ताटलीवर ठेका धरला. आज एवढा वेग, उद्या त्याहून जास्त, असाच तिने शेकडो पोरांचा स्पीड वाढवला होता.

"आत्या, चमचा ठेव."

"अगं, स्पीड नको वाढायला?"

"नको. आणि तुझ्या मशीनला एकच आवाज. बोट पडलं की अक्षर उठलं, संपलं. इकडे ये." तिने एकाच पट्टीवर एकच बोट ठेवलं. आधी सूर कुजबुजल्यासारखा आला. मग घरात बोलावं तसा. मग रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. पट्टी तीच, बोट तेच. "हे प्रत्येक बोटाला आलं पाहिजे. एकाला दाबून बोलायला सांगितलं तर बाकीच्यांनी गप्प राहायचं, तेही आलं पाहिजे. वेग मागाहून येतो."

आत्याने चमचा ठेवला. सगळी बोटं सारखी पडली पाहिजेत, हे तिने हजारदा फळ्यावर लिहिलं होतं. सारखी झाल्यावर प्रत्येकाला वेगळं बोलायला शिकवायचं असतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती खुर्ची पुढे ओढून नीट बघायला लागली.

आणि बघण्यासारखं पुष्कळ होतं. आधी कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून ठेवणं. मग खांदे सैल सोडणं, मनगट कुठे आवळलंय का ते उजव्या हाताने चाचपणं. मग पाचही बोटं पट्ट्यांवर टेकवून चार तशीच ठेवायची आणि फक्त चौथं उचलायचं. ते जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं उचललं जायचं. भिंगरी तेवढंच उचलायची, खाली सोडायची, ऐकायची, पुन्हा उचलायची. चेहऱ्यावर ना चिडचिड, ना कीव. दुखायला लागलं की हात मांडीवर ठेवून थांबायची. आत्याने हट्टी पोरं पुष्कळ पाहिली होती. रक्त येईस्तोवर बडवणारी पाहिली होती, दोन दिवसांत सोडून पळणारीही पाहिली होती. रोज तोच हट्ट धरायचा आणि रोज दुखायच्या रेषेवर मुकाट थांबायचं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याला हे जमलं नसतं, असं तिने स्वतःशी सरळ कबूल केलं. तिला भाचीचा अभिमान वाटला, आणि मग दादाला दिलेला शब्द आठवताच ती पुन्हा बटाट्यांकडे वळली.

परीक्षेच्या सकाळी ती भिंगरीबरोबर गेली. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे, परतताना टाइल्सचं बोलून टाकू.

सकाळ गारठलेली होती. चालत जाईपर्यंत भिंगरीचे हात बर्फ झाले. शाळेत पोचल्यावर कळलं, की पियानो एकच आणि त्यावर बदली वादक आधीच बसलाय. व्हरांड्यात एक बाक, एक बंद खिडकी आणि बुटांचा ढीग, बस्स. आतून सूर असे सुसाट येत होते, जणू वादकाच्या मागे पोलीस लागलेत.

भिंगरीने बोटं चोळली. "बोटं मोकळी केल्याशिवाय चौथं उठणार नाही, आत्या."

आत्याने बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात मांडीवर आडवा ठेवला. "वाजव."

"अगं, काहीतरीच!"

"वाजव म्हणते ना!"

भिंगरीने डावा हात तिच्या हातावर टेकवला. पाच गार टोकं. सा रे ग म प, प म ग रे सा. आवाज काहीच नाही. आत्याने डोळे मिटले. उतरताना अंगठा आला, तर्जनी आली, मधलं बोट आलं, मग ती. पुन्हा. पुन्हा. हळूहळू टोकं ऊबदार होत गेली. इतकी वर्षं तिने बोटं ऐकली होती. बोट असं अंगावर उमटतं, ते तिला माहीत नव्हतं.

"चौथं कसं आहे?" भिंगरीने विचारलं. "खरं सांग."

खोटं बोलून धीर देता आला असता. खरं बोलून टाइल्सच्या दुकानाकडे वळवताही आलं असतं. आत्याने आणखी एकदा वर, एकदा खाली होऊ दिलं.

"हलकं आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांइतकं भरत नाही अजून. पण वेळेवर आहे. एकदाही मागे राहिलं नाही."

भिंगरीने श्वास सोडला. "मग होईल. नाचणाऱ्याला हलकं चालतं, उशीर चालत नाही."

आत गेल्यावर आत्या दाराशीच उभी राहिली. मोठ्या बाई उंच, सडसडीत, आवाज चढवायची गरज न पडणाऱ्या. त्यांनी मुलींना दांड्यापाशी उभं केलं आणि भिंगरीला एवढंच सांगितलं, "पाय वर न्यायचा, तोलायचा, खाली आणायचा. हळू."

भिंगरी हळू वाजवू लागली.

"अजून हळू."

ती अजून हळू झाली. बदली वादक भिंतीला टेकून बघत होता. त्याची पाळी आधी झाली होती, आणि त्याच्या वेगात मुलींच्या पायांची त्रेधा उडाली होती. आता पाय एका रांगेत वर जात होते आणि वर गेल्यावर लटपटत नव्हते. पाऊल जमिनीला लागायच्या क्षणाला जो खालचा सूर हवा, तो डाव्या हाताच्या चौथ्या बोटाकडे होता. आत्याचे कान टवकारले. सूर आला. हलका, आणि अगदी वेळेवर. पावलं सगळी एकदम टेकली आणि लाकडी जमीन वाजलीसुद्धा नाही.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा तसंच. "पुन्हा." पुन्हा तसंच. बाई दर वेळी पायांकडे बघत होत्या, पियानोकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. याहून मोठी शाबासकी नसते, हे आत्याला तिथल्या तिथे कळलं. तिचा ऊर भरून आला. ती स्वतः त्या स्टुलावर बसली असती तरी इतका आला नसता.

शेवटी बाई वळल्या. बदली वादकाशी दोन शब्द नीट बोलून त्यांनी त्याला निरोप दिला, आणि भिंगरीला म्हणाल्या, "सकाळचा वर्ग सातला असतो. उद्यापासून या."

भिंगरीचा चेहरा उजळला. ती हो म्हणणारच होती. त्या क्षणी तिला पहाटे चारला बोलावलं असतं तरी तिने मान हलवली असती.

"सातला नाही जमणार," दाराकडून आत्या म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. भिंगरीने डोळे मोठे केले.

"आत्या!"

"साडेसात म्हणा," आत्या बाईंना म्हणाली. "तिला आधी बोटं मोकळी करायची असतात. ते रोज झालंच पाहिजे. मी तिची आत्या. घाई करून पाठवणार नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या मुलींकडे वळल्या. "ऐकलंत? पियानो साडेसातला येईल. तुम्ही सातलाच यायचं, आणि तो अर्धा तास पाय मोकळे करायचे."

मुलींनी एका सुरात "ई!" केलं आणि सगळ्यांनी मिळून आत्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. आत्याने ते अगदी आनंदाने सोसलं.