मूळ आवाज

शेवटचा स्क्रू काढून त्याने गेम कन्सोलचं झाकण जेवणाच्या टेबलावर उपडं ठेवलं. बायको नाश्त्याच्या बशा घेऊन उभीच होती.

"आज तरी माणसांना टेबलावर जागा मिळेल का?"

"दहा मिनिटं."

"तुझी दहा मिनिटं मी नऊ वर्षं बघतेय," असं म्हणून ती बशांसकट बाहेरच्या खोलीत गेली.

नऊ वर्षं हे मात्र खरं होतं. तो वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, शिक्का मारायचा किंवा नाही मारायचा, हे त्याचं काम, आणि त्यात तो भलताच काटेकोर. उरलेल्या वेळात तो एम्युलेटर लिहायचा: लहानपणचा हा कन्सोल आजच्या कम्प्युटरवर हुबेहूब चालवणारा प्रोग्रॅम. फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना उघडा. वाटेल त्याने वाचावा, चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी. ती घ्यायची की नाही हे मात्र तो ठरवणार. असे एम्युलेटर आणखी चार-पाच होते. याचं नाव होतं ते आवाजासाठी. "खरा आवाज इथेच ऐकायला मिळतो," असं लोक लिहायचे. ते वाचून तो कुणाला काही सांगत नसे, पण त्या दिवशी दुकानदारांशी जरा बऱ्या शब्दांत बोले.

आज सकाळी दंतवैद्याचं पत्र आलं होतं. हा माणूस खरोखरीच दंतवैद्य, कुठल्याशा परदेशातला. चार वर्षं दोघं बरोबर काम करत होते आणि त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. दंतवैद्याने सात जुने कन्सोल जमवून सातांचाही आवाज मोजला होता. सातही सारखे. एम्युलेटरचा तेवढा वेगळा, वरचे सूर दबलेला, घुमा. सोबत दुरुस्ती जोडली होती आणि खाली नम्रपणे विचारलं होतं, "तुम्ही किती कन्सोलवर मोजलं होतं?"

एका. दुसऱ्या वजनाने पडताळल्याशिवाय दुकानदाराला न सोडणाऱ्या या माणसाने जन्मात एकच कन्सोल मोजला होता, कारण तो त्याचा स्वतःचा होता.

आतल्या बोर्डावर सगळे पार्ट निळे, ठेंगणे. आवाजाच्या वाटेवर मात्र एकच तपकिरी, लांबोडका, आणि त्याच्या पायांशी हाताने दिलेलं सोल्डर. एवढं नीटनेटकं सोल्डर कुणाचं, हे त्याला विचारावं लागलं नसतं. तरी त्याने हाक मारली.

"बाबा, जरा येता का?"

बाबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते. बोर्ड दिसताच कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"हा कंडेन्सर तुम्ही बसवलात?"

"मग? आवाज गेला होता की याचा. तू दोन दिवस जेवला नव्हतास."

"तुम्ही तर म्हणालात, आत धूळ होती."

"बारा वर्षांच्या पोराला काय सांगायचं, पार्ट मिळत नाही म्हणून? एका रेडिओतून काढला, जवळपासच्या मापाचा. चालला ना?"

"चालला. मी याच्यावरूनच आवाज मोजला, बाबा. तोच सगळ्यांना जातो."

"सगळ्यांना म्हणजे किती?"

"दोन लाखांच्या वर."

बाबा खुर्चीवर बसले. "म्हणजे दोन लाख लोक माझा कंडेन्सर ऐकतात?"

"हो."

"कुणाची तक्रार?"

दंतवैद्याचं पत्र समोर उघडंच होतं, पण बाबांना ती भाषा येत नव्हती.

"नाही. उलट आवडतो लोकांना."

"आवडणारच. मापात थोडं इकडेतिकडे झालं, तरी कानाला गोड लागला पाहिजे." ते उठले. उठताना त्यांनी बोर्डाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि बाहेर गेले.

तो बसून राहिला. एखाद्याचा खोटा काटा पकडल्यावर त्याला जे समाधान वाटे, ते आज कुठेच नव्हतं. नुसतं वाईट वाटत होतं. पत्राला उत्तर दिलं नाही, तर दंतवैद्य फार तर दोनदा आठवण करून देईल आणि गप्प बसेल. लोकांना तर घुमा आवाजच खरा वाटत होता. पण तो खरा नव्हता, हे आता त्याला माहीत होतं.

त्याने दंतवैद्याची दुरुस्ती उघडली. ती स्वीकारायची तर कारण लिहावं लागे. त्याने लिहिलं, "मी एकाच यंत्रावर मोजलं होतं आणि ते मूळ स्थितीत नव्हतं. चूक माझी आहे." यंत्र कुणी दुरुस्त केलं होतं, ते त्याने लिहिलं नाही.

बाहेरच्या खोलीत बाबा सुनेला सांगत होते, "अगं, दोन लाख लोक. आणि एकाचीही तक्रार नाही."

"काय सांगता, बाबा?"

मग ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, रेडिओ कुठला होता, पार्ट कसा काढला. त्यांचं सांगून होईपर्यंत तो थांबला, आणि मग त्याने बटण दाबलं.